इन्सेन्टिव्ह म्हणजे नेमकं काय? पगार, बोनस आणि इन्सेन्टिव्ह यांत फरक काय असतो?

'पगार १५ हजार + इन्सेन्टिव्ह.' नोकरीच्या जाहिरातींमध्ये ही ओळ आता इतकी सर्रास दिसते की तिच्याकडे कुणी थांबून बघत नाही. डिलिव्हरी अ‍ॅपवर काम करणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवर रोज 'आजचा इन्सेन्टिव्ह' झळकतो. केंद्र सरकार कारखान्यांना इन्सेन्टिव्ह देतं, गावातल्या आशा सेविकेला मिळणाऱ्या पैशांनाही इन्सेन्टिव्हच म्हणतात.

शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो. आणि तो नीट कळला नाही, तर महिनाअखेरीस हातात येणाऱ्या रकमेचा अंदाज चुकू शकतो. म्हणूनच इन्सेन्टिव्ह म्हणजे काय, हा शब्द आला कुठून आणि तो कुठे, कसा वापरतात, हे समजून घेऊया.

सोप्या भाषेत अर्थ काय?

इन्सेन्टिव्ह हे इंग्रजीतलं नाम आहे. एखाद्याला एखादी कृती करायला उद्युक्त करणारी, हालचाल करायला लावणारी कोणतीही बाहेरची गोष्ट म्हणजे इन्सेन्टिव्ह. मराठीत त्यासाठी 'प्रोत्साहन' हा शब्द सर्वाधिक वापरला जातो. सरकारी कागदपत्रांत 'प्रोत्साहनपर अनुदान', 'प्रोत्साहन भत्ता' असे शब्द दिसतात ते त्यामुळेच.

उच्चार करताना जोर 'सेन'वर येतो: इन्-सेन्-टिव्ह. अनेकवचन इन्सेन्टिव्ह्ज. मराठीत बोलताना कुणी 'इन्सेन्टिव्ह मिळाला' म्हणतं, कुणी 'मिळालं'. दोन्ही कानावर पडतं.

इन्सेन्टिव्ह म्हणजे फक्त पैसे, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. मुदतीआधी मिळकत कर भरणाऱ्यांना महापालिका सवलत देते, तो इन्सेन्टिव्ह. शंभर टक्के हजेरीसाठी शाळेत मिळणारं प्रमाणपत्र हाही इन्सेन्टिव्हच. पैसा, सवलत, वस्तू, बढती, सुट्टी, मानसन्मान यांपैकी काहीही इन्सेन्टिव्ह असू शकतं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी असते, ती म्हणजे अट. 'तू हे केलंस, तर तुला ते मिळेल.' यातला 'तर' काढून टाकला, की इन्सेन्टिव्ह उरत नाही. मग ती भेट होते, मदत होते किंवा पगार होतो.

शब्दाचं मूळ गाण्यात

आज हिशेबाच्या वहीत बसलेला हा शब्द मुळात संगीतातून आलाय, हे वाचून आश्चर्य वाटेल. लॅटिन भाषेत 'कानेरे' म्हणजे गाणं. त्याला 'इन' हा उपसर्ग लागून 'सूर लावून देणं' अशा अर्थाचं क्रियापद तयार झालं. त्यावरून 'इन्सेन्टिव्हुस' म्हणजे सूर लावून देणारा, सुरुवात करून देणारा. एकानं सूर लावला की बाकीचे आपोआप गाऊ लागतात. तसं एखाद्याला कृतीला लावणारं ते इन्सेन्टिव्ह.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. कापणी-मळणीच्या वेळी शेतात भलरी म्हणायची आपल्याकडे पद्धत होतीच. एकानं भलरीचा सूर धरायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा आणि त्या ठेक्यावर सगळ्यांचे हात चालायचे.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकापासून आढळतो. पण जास्त काम करणाऱ्याला जास्त मोबदला, हा आजचा अर्थ त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चिकटला. युद्धसामग्रीचं उत्पादन वाढवायचं होतं आणि त्यासाठी कामगारांना वाढीव मोबदल्याच्या योजना दिल्या जात होत्या. तिथून तो जगभरच्या कंपन्यांच्या भाषेत गेला.

मोटिव्हेशन, आमिष, लाच: फरक काय?

हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांच्यात फरक आहे.

मोटिव्हेशन म्हणजे प्रेरणा. ती माणसाच्या आत असते. इन्सेन्टिव्ह बाहेरून येतो. एखादी मुलगी पोहण्याची आवड म्हणून पहाटे पाचला उठत असेल, तर ती प्रेरणा. 'स्पर्धा जिंकलीस तर सायकल घेऊन देतो,' असं बाबांनी सांगितलं, तर तो इन्सेन्टिव्ह.

आमिष या शब्दाचा संस्कृतमधला मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष जेवण म्हणतो, तेच हे आमिष. गळाला लावलेला मांसाचा तुकडा माशाच्या भल्यासाठी नसतो. त्यामुळे समोरच्याला फसवण्याचा किंवा त्याचं नुकसान करण्याचा हेतू असेल तिथे आमिष हा शब्द बसतो. 'दामदुपटीचं आमिष दाखवून फसवणूक' अशा बातम्यांमध्ये म्हणूनच इन्सेन्टिव्ह किंवा प्रोत्साहन हे शब्द येत नाहीत.

लाच म्हणजे ज्या कामासाठी पैसे घेण्याचा अधिकारच नाही, त्यासाठी घेतलेले किंवा जे काम करू नये ते करण्यासाठी दिलेले पैसे. मतासाठी पैसे किंवा भेटवस्तू देणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचरण ठरतं. त्याला कुणी 'मतदारांना इन्सेन्टिव्ह' म्हटलं, तरी त्याचं स्वरूप बदलत नाही.

याचा विरुद्धार्थी शब्दही आहे: डिसइन्सेन्टिव्ह, म्हणजे एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करणारी बाब. सिगारेटवरचा जबर कर किंवा वीजबिल उशिरा भरल्यावर लागणारा दंड ही त्याची रोजची उदाहरणं.

पगार, बोनस, कमिशन आणि इन्सेन्टिव्ह

नोकरीच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

पगार: ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. महिना भरला की तो द्यावाच लागतो.

बोनस: पात्र कर्मचाऱ्यांसाठी हा कायदेशीर हक्क आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानं किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा घातली. २०१९ च्या वेतन संहितेतही ही टक्केवारी कायम ठेवण्यात आली. त्यामुळे कायद्यानं मिळणारा दिवाळीचा बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी नाही.

कमिशन: प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक टक्का. एक वस्तू विकली तर एका वस्तूचं कमिशन मिळतं.

इन्सेन्टिव्ह: ठरवून दिलेलं उद्दिष्ट गाठलं तर मिळणारी जादा रक्कम. उद्दिष्टाच्या अलीकडे थांबलात तर बहुतेक योजनांमध्ये हातात काहीच पडत नाही. म्हणजे महिन्याला ५० विक्रीचं टार्गेट असेल आणि ४९ झाल्या, तर ४९ चा इन्सेन्टिव्ह मिळेलच असं नाही.

शेवटच्या दोन प्रकारांतला हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण खिशाला मोठा पडतो. टार्गेटच असं ठेवलं की ते क्वचितच कुणी गाठू शकेल, तर तो इन्सेन्टिव्ह म्हणजे कोपराला लावलेला गूळ. दिसतो, पण जिभेला लागत नाही.

अ‍ॅपवरच्या डिलिव्हरीच्या कामात हे रोज घडतं. प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक रक्कम आणि दिवसभरात अमुक ऑर्डर पूर्ण केल्या किंवा अमुक तास अ‍ॅप सुरू ठेवलं तर वर इन्सेन्टिव्ह, अशी रचना असते. शेवटच्या दोन ऑर्डर राहिल्या असतील, तर थकलेला माणूसही पावसात गाडी काढतो. इन्सेन्टिव्ह त्याचं काम चोख करत असतो. प्रश्न एवढाच, की त्या घाईची जोखीम कुणाच्या अंगावर आहे.

आशा सेविकांचा 'इन्सेन्टिव्ह'

एका शब्दावर माणसाचे किती हक्क अवलंबून असू शकतात, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आशा सेविका.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावागावांत आशा नेमल्या गेल्या. त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटलं गेलं. त्यामुळे त्यांना पगार नाही. कामागणिक इन्सेन्टिव्ह मिळतो. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या एका महिलेची गरोदरपणातली तपासणी आणि दवाखान्यातली प्रसूती यासाठी मिळून ६०० रुपये. बाळ जन्मल्यानंतर ४२ दिवसांत ठरलेल्या गृहभेटी पूर्ण केल्या तर २५० रुपये. नियमित कामांसाठीची महिन्याची रक्कम २०१८ मध्ये केंद्रानं एक हजारावरून दोन हजार रुपये केली.

या रचनेमागचा तर्क असा, की कामाला थेट मोबदला जोडला तर काम होतं. पण दुसरी बाजूही आहे. इन्सेन्टिव्ह म्हटल्यावर किमान वेतनाचा प्रश्न येत नाही. भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, निवृत्तिवेतन यांचाही येत नाही. ज्या कामाला दर ठरलेला नाही, ते काम मोजलंच जात नाही. रात्री दोन वाजता प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईसोबत जाणं, रुग्णवाहिकेसाठी फोन करत राहणं, घरच्यांची समजूत काढणं याची रक्कम यादीत सापडत नाही.

२०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी मोबदलावाढीसाठी संप केला, तेव्हा प्रश्न फक्त रकमेचा नव्हता. आपल्या कामाला नाव कोणतं, हाही होता. कारण वेतन हा हक्क असतो आणि इन्सेन्टिव्ह ही सवलत मानली जाते.

सरकार कंपन्यांना इन्सेन्टिव्ह का देतं?

बातम्यांमध्ये 'पीएलआय' हा शब्द येतो. त्याचा अर्थ प्रॉडक्शन लिंक्ड इन्सेन्टिव्ह, मराठीत उत्पादन संलग्न प्रोत्साहन योजना. २०२० मध्ये मोबाइल उत्पादनापासून तिची सुरुवात झाली. पुढे १४ क्षेत्रांसाठी मिळून सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली.

इथेही तीच अट आहे. मोबाइलच्या योजनेत २०१९-२० हे आधारवर्ष धरलं गेलं. त्या वर्षीपेक्षा जेवढी जास्त विक्री, तेवढ्या वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के रक्कम कंपनीला मिळणार. नुसता कारखाना उभा केला म्हणून पैसे नाहीत.

महाराष्ट्रात हा प्रकार जुना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्य सरकारनं १९६४ मध्येच सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या इंग्रजी नावातही इन्सेन्टिव्ह हा शब्द आहे. वेळोवेळी सुधारणा होत ही योजना पुढे सुरू राहिली.

इन्सेन्टिव्ह खरंच उपयोगी पडतो का?

पडतो. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांमध्ये लहान मुलांच्या लसीकरणाचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

काही गावांत काहीच वेगळं केलं नाही. तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेल्या मुलांचं प्रमाण ६ टक्के होतं. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं. तिथे हे प्रमाण १८ टक्के झालं. तिसऱ्या गटातल्या गावांत शिबिरासोबत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्यांचा संच दिला. तिथे प्रमाण थेट ३९ टक्क्यांवर गेलं.

किलोभर डाळीसाठी कुणी लसीबद्दलचं मत बदलत नाही. पण 'आज नको, पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्या आईला आजच निघायला ते कारण पुरतं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबी कमी करण्याच्या अशाच प्रयोगांवर आधारलेल्या कामासाठी.

आणि उलटतो कधी?

चुकीच्या गोष्टीला जोडलेला इन्सेन्टिव्ह चुकीचीच गोष्ट वाढवतो. इंग्रजीत त्याला 'पर्व्हर्स इन्सेन्टिव्ह' म्हणतात. मराठीत उलटणारं प्रोत्साहन म्हणता येईल.

हनोई, १९०२: व्हिएतनाममध्ये तेव्हा फ्रेंचांची सत्ता होती. प्लेगच्या भीतीनं त्यांनी उंदीर मारणाऱ्याला शेपटीमागे पैसे द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पुढे पिल्लं होतील आणि आणखी शेपट्या मिळतील. काहींनी तर उंदीर पाळायलाच घेतले होते.

हैफा: इस्राइलमधल्या या शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. अपेक्षा होती की उशीर कमी होईल. झालं उलटंच. उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आधी पालकांना बाईंची अडचण होईल याचा संकोच वाटायचा. दंड आल्यावर त्यांना वाटलं, आपण जादा वेळेचे पैसे तर देतोय. दंड बंद केल्यावरही तो संकोच परत आला नाही. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक, २०१६: विक्रीच्या टार्गेटचा दबाव आणि त्याला जोडलेला इन्सेन्टिव्ह यांमुळे कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेली.

काही ठिकाणी तर इन्सेन्टिव्ह न देणंच शहाणपणाचं ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर भारतात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. पैशांसाठी रक्त देणारा माणूस आपला आजार लपवण्याची शक्यता जास्त असते आणि त्याची किंमत रक्त घेणाऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

वाक्यात कसा वापरतात?

इंग्रजीत या शब्दानंतर कृती सांगायची असेल तर 'टू' येतं: 'इन्सेन्टिव्ह टू सेव्ह', म्हणजे बचत करायला प्रोत्साहन. कुणासाठी किंवा कशासाठी ते सांगायचं असेल तर 'फॉर': 'इन्सेन्टिव्ह फॉर फार्मर्स'. 'नो इन्सेन्टिव्ह' म्हणजे काही करावं असं वाटायला कारणच नसणं. 'टॅक्स इन्सेन्टिव्ह' म्हणजे करसवलत. यावरून तयार झालेलं क्रियापद आहे 'इन्सेन्टिव्हाइझ', म्हणजे प्रोत्साहन देणं.

मराठीत लिहिताना प्रत्येक ठिकाणी 'प्रोत्साहन' चालतंच असं नाही. 'शेतकऱ्याला ठिबक सिंचनासाठी प्रोत्साहन' हे ठीक. पण 'अमुक कंपनीला सत्य सांगण्याचं प्रोत्साहन नाही' हे वाक्य कानाला खटकतं. तिथे 'सत्य सांगण्यात कंपनीचा काही फायदा नाही' असं सरळ लिहिलेलं बरं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी

पगारासोबत इन्सेन्टिव्हचा उल्लेख असेल, तर हे प्रश्न विचारून घ्या आणि उत्तरं ई-मेलवर मागा:

• ठरलेला पगार किती आणि इन्सेन्टिव्ह किती? वार्षिक पॅकेजच्या आकड्यात इन्सेन्टिव्ह धरलाय का?
• टार्गेट काय आहे आणि गेल्या सहा महिन्यांत टीममधल्या किती जणांनी ते गाठलं?
• टार्गेटच्या थोडं अलीकडे राहिलं तर काही रक्कम मिळते का?
• नियम मध्येच बदलण्याचा अधिकार कंपनीकडे आहे का?
• महिन्याच्या मध्यात नोकरी सोडली तर तोवरचा इन्सेन्टिव्ह मिळतो का?
• ग्राहकानं ऑर्डर रद्द केली तर दिलेले पैसे परत कापले जातात का?

नोकरदाराला मिळणारा इन्सेन्टिव्ह हा पगाराचाच भाग धरून करपात्र असतो, हेही लक्षात ठेवा. आणि घरभाडं, गाडीचा हप्ता असे दर महिन्याचे खर्च ठरवताना फक्त ठरलेला पगार धरा. इन्सेन्टिव्हला अट असते. घरमालकाच्या भाड्याला नसते.